कोणता ‘चार्ज’?

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या शहरातले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. सकाळची वेळ आहे. आजोबा वर्तमानपत्र वाचत आहेत. एका गावी लाठीचार्ज झाला आणि एका प्रकरणात चार्जशीट दाखल झाले, अशा दोन बातम्या पहिल्याच पानावर आहेत. ताई मोबाइल चार्जिंगला लावते आहे. वडिलांची बदली झाली असून आज ते नव्या जागेचा चार्ज घेणार आहेत. आईच्या फोनवर बँकेचा निरोप आला आहे, की खात्यातून सर्व्हिस चार्ज वजा झाला. शेजारच्या काकूंना आज दवाखान्यातून डिस्चार्ज मिळणार आहे. आणि कोपऱ्यात धाकटा मुलगा विज्ञानाचे पुस्तक उघडून बसला आहे. तो विचारतो, “बाबा, विद्युत प्रभार म्हणजे काय?” बुटाची नाडी बांधता बांधता वडील सांगतात, “प्रभार म्हणजे चार्ज.” मुलगा पुन्हा विचारतो, “पण चार्ज म्हणजे काय?” वडील म्हणतात, “अरे, चार्ज म्हणजे चार्ज! एवढेही ठाऊक नाही?”

आजच्या व्याख्यानाचा विषय हा मुलाचा दुसरा प्रश्न आहे. तासाभरात या घरात एकच इंग्रजी शब्द सहा निरनिराळ्या अर्थांनी येऊन गेला. शब्द सर्वांना ‘येत’ होता, आणि तरी त्याचा अर्थ सांगण्याची वेळ आली तेव्हा सुशिक्षित वडिलांपाशी त्या शब्दाखेरीज दुसरे काही नव्हते.

इंग्रजीतले नेहमीच्या वापरातले शब्द दिसतात तितके सोपे नसतात. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. तो एकदा पाहिला की काम भागते. लहान शब्दांचे तसे नाही. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. तीत ‘सेट’ या तीन अक्षरी क्रियापदाच्या चारशे तीसहून अधिक अर्थच्छटा नोंदवलेल्या असून त्या एका नोंदीचा विस्तार सुमारे ६०,००० शब्दांचा आहे. मध्यम आकाराचे एक पुस्तकच ते! ‘चार्ज’ची नोंद इतकी मोठी नाही. मात्र भारतातल्या सर्वसामान्य माणसाच्या आयुष्याला हा शब्द जितक्या ठिकाणी स्पर्श करतो, तितके शब्द थोडेच करीत असतील. घर, कचेरी, बँक, रुग्णालय, न्यायालय, शेतजमीन आणि प्रयोगशाळा, सर्वत्र त्याचा संचार आहे.

या सर्व अर्थांना जोडणारा एखादा धागा आहे काय? आहे, आणि तो एका गाडीच्या चाकाला बांधलेला आहे. लॅटिन भाषेत ‘कार्रुस’ म्हणजे ओझे वाहणारी गाडी. हा शब्द रोमन लोकांनी गॉल प्रदेशातील केल्टिक लोकांकडून घेतला. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचे क्रियापद झाले, ते जुन्या फ्रेंचमध्ये आले आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या शतकांत फ्रेंचमधून इंग्रजीत शिरले. तेव्हा ‘चार्ज’ म्हणजे मुळात ओझे लादणे. मोटारीला म्हणतात ती ‘कार’, जहाजावरचा ‘कार्गो’ आणि वाहून नेणे या अर्थाचे ‘कॅरी’ ही सारी याच कुळातली मंडळी. व्यंगचित्राला इंग्रजीत ‘कॅरिकेचर’ म्हणतात, तोही शब्द इटालियन भाषेच्या वाटेने आलेला याचाच भाऊबंद होय. चेहऱ्यावर वाजवीपेक्षा अधिक भार घातला, की चित्राचे व्यंगचित्र होते.

हे मूळ एकदा ध्यानात आले, की सकाळचा सारा गोंधळ शिस्तीत उभा राहतो. माणसावर कामाचे ओझे ठेवले, तो झाला पदाचा चार्ज. व्यवहारावर खर्चाचे ओझे चढवले, तो झाला सेवेचा चार्ज. एखाद्यावर गुन्ह्याचे ओझे ठेवले, तो न्यायालयातला चार्ज. बंदुकीत किंवा तोफेत दारू भरली, तोही चार्ज. आणि शस्त्र असे सज्ज करून शत्रूवर तुटून पडणे, यालाही पुढे चार्ज म्हणू लागले. लाठीचार्ज हा त्या रणांगणावरच्या अर्थाचा भारतातला वंशज.

विजेचा अर्थ सर्वांत उशिरा आला. १७४५-४६च्या सुमारास युरोपात ‘लायडन बरणी’ या नावाने ओळखले जाणारे साधन तयार झाले. काचेच्या बरणीत वीज साठवून ठेवता येते, याचे तेव्हा मोठे नवल वाटले. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे बेंजामिन फ्रँकलिन यांनी या बरण्यांवर प्रयोग केले. वीज हा एक प्रकारचा द्रव आहे, तो कोठे अधिक भरतो तर कोठे उणा पडतो, अशी त्यांची कल्पना होती. भरलेल्या बरणीला ते दारू भरलेल्या तोफेप्रमाणेच ‘चार्ज’ केलेली म्हणत आणि अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या, तेव्हा त्या मांडणीला त्यांनी ‘बॅटरी’ हे नाव दिले. बॅटरी म्हणजे तोफांची रांग! रोज रात्री उशाशी मोबाइल चार्ज करणाऱ्याला ठाऊक नसते, की ‘बॅटरी’ आणि ‘चार्ज’ हे दोन्ही शब्द तोफखान्याची वर्दी उतरवून त्याच्या घरी आले आहेत.

आता मराठीकडे वळावे. १८४७ साली मुंबईत इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि थॉमस कँडी यांनी पूर्णत्वास नेलेला हा ग्रंथ. अशा कोशकारापुढची अडचण दुहेरी असते. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द दिला की काम संपत नाही. आधी इंग्रजी शब्दाचे पदर सोडवावे लागतात आणि मग प्रत्येक पदरासाठी मराठी माणूस काय म्हणतो याचा शोध घ्यावा लागतो. स्वातंत्र्यानंतर पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना आणि महाराष्ट्र शासनाने १९६० साली स्थापन केलेल्या भाषा संचालनालयाला हेच काम अधिक मोठ्या प्रमाणावर करावे लागले. त्यातून आज मराठीत पदाच्या चार्जला कार्यभार किंवा पदभार, सेवेच्या चार्जला शुल्क किंवा आकार, न्यायालयातील चार्जला दोषारोप, सैन्याच्या चार्जला चढाई आणि विजेच्या चार्जला प्रभार असे वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीने एका शब्दावर सोपवलेले काम मराठीने पाच-सहा जणांत वाटून दिले आहे.

या वाटणीत एक विलक्षण गोष्ट दिसते. कार्यभार, पदभार, प्रभार, या सर्वांत ‘भार’ आहे. येथपर्यंत म्हणता येईल, की भाषांतरकारांना इंग्रजी शब्दाचे मूळ ठाऊक असावे आणि त्यांनी ते मराठीत आणले असावे. पण ज्यांच्याशी कोणत्याही भाषांतरकाराचा संबंध नाही, अशा शब्दांचे काय? ज्यांची गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांना सातबाऱ्याचा उतारा परिचित असेल. शेतकऱ्याने कर्ज काढले, की त्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘बोजा’ चढतो. कर्ज फिटले, की बोजा उतरवला जातो. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२च्या कायद्यात या प्रकारच्या हक्काला इंग्रजी शब्द आहे तो ‘चार्ज’ हाच. बंदुकीच्या बाबतीतही तसेच. मराठीत बंदुकीचा ‘बार’ भरतात, आणि तो उडाला की ‘बार’ उडाला असे म्हणतात. फारसीत ‘बार’ म्हणजे ओझे. माल बांधण्याचे ‘बारदान’ मराठीत त्याच शब्दाबरोबर आले. शेतकरी आणि शिलेदार यांनी कोणताही इंग्रजी कोश उघडला नव्हता. तरीही जमिनीवरचे कर्ज म्हणजे ओझे, हे त्यांच्या भाषेला इंग्रजीइतकेच नैसर्गिकपणे सुचले होते. माणसांचे अनुभव एकसारखे असतात, म्हणून दूरदूरच्या भाषांनाही कधी कधी एकच प्रतिमा सुचते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेतील मुलाला या बाबतीत आणखी एक संपत्ती लाभते. हिंदी माध्यमात शिकणारा त्याचा मित्र विजेच्या चार्जला ‘आवेश’ म्हणतो. मराठीत आवेश म्हणजे जोर, त्वेष. वक्ता आवेशाने बोलतो. तेव्हा तारेत कसला आला आवेश, असे वाटून मराठी मुलाला प्रथम हसू येते. गुजरातेत वाढणाऱ्या मुलाच्या कानी ‘विद्युतभार’ पडतो, तो त्याला घरचा वाटतो. तीन भाषांनी एकाच वस्तूला तीन नावे दिली आहेत. एकीला ती ओझ्यासारखी वाटली, दुसरीला अंगात संचारलेल्या जोरासारखी. हे पाहणाऱ्या मुलाला नकळत एक मोठी गोष्ट उमगते, की नाव म्हणजे वस्तू नव्हे. नावाच्या पलीकडे जाऊन वस्तूकडे पाहावे लागते, हा विज्ञानशिक्षणाचा पहिला धडा आहे, आणि बहुभाषक वस्तीत वाढणाऱ्या मुलाला तो अंगणातच मिळतो.

तोच मुलगा इलेक्ट्रॉनवर ‘ऋण प्रभार’ असतो असे वाचतो. ऋण म्हणजे कर्ज. उणे संख्येला ऋण आणि अधिक संख्येला धन म्हणण्याची रीत आजच्या पाठ्यपुस्तकांनी काढलेली नाही. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात धन आणि ऋण यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम सांगितले आहेत. फ्रँकलिन यांनी विजेच्या भरतीला अधिक आणि ओहोटीला उणे म्हटले, तेव्हा तेही एका परीने जमाखर्चच मांडत होते. भांडवल आणि कर्ज यांच्या भाषेत विजेकडे पाहण्याची ही सोय मराठी माध्यमातल्या मुलाला परिभाषेनेच करून दिलेली आहे. प्रश्न एवढाच, की वर्गात कोणी त्याला ती दाखवून देते की नाही.

‘चार्ज’ समजला, की ‘डिस्चार्ज’ शिकवावा लागत नाही. ओझे लादणे हा एकाचा अर्थ, तर उतरवणे हा दुसऱ्याचा. रुग्ण घरी जातो, सैनिक सेवेतून मोकळा होतो, विजेरी उतरते, अधिकारी कर्तव्य पार पाडतो, या सगळ्यांना इंग्रजीत डिस्चार्ज म्हणतात. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले, की मराठी वर्तमानपत्रे इतक्या क्युसेकचा ‘विसर्ग’ सुरू आहे असे छापतात, तोही डिस्चार्जच. अक्षरापुढच्या दोन टिंबांनाही विसर्ग म्हणतात, हे आठवून एखादा विद्यार्थी कोड्यात पडला, तर त्याचे कौतुक करावे. एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा इंग्रजीचाच विशेष नाही, हे त्याने स्वतःचे स्वतः शोधून काढलेले असते.

न्यायालयातला डिस्चार्ज मात्र जपून वाचावा लागतो. दोषारोप निश्चित करण्यास पुरेसा आधार नाही असे न्यायालयाला वाटले, तर खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपीला त्यातून मोकळे केले जाते. वर्तमानपत्रे अशा माणसाला ‘दोषमुक्त’ म्हणतात. खटला पूर्ण चालून गुन्हा सिद्ध न झाल्यास होते ती ‘निर्दोष मुक्तता’. कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी सामान्यतः पुन्हा खटला भरता येत नाही; डिस्चार्ज मिळालेल्याला हे संरक्षण नसते. ‘सुटला’ या एका शब्दात दोन्ही कोंबणाऱ्या वाचकाला आपल्या गावात काय घडले, हे नीट कळलेलेच नसते.

शब्दाचा अर्थ ठाऊक असणे आणि तो प्रसंगात कळणे, यांत किती अंतर असू शकते याचे एक उदाहरण इतिहासात आहे, आणि योगायोगाने तो प्रसंग ‘चार्ज’ या नावानेच ओळखला जातो. क्रिमियाच्या युद्धात, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, बालाक्लाव्हा येथे इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर उभे होते. हाती आलेल्या तोफा रशियन सैनिक ओढून नेत आहेत, हे त्यांना तेथून दिसत होते. त्या तोफा नेऊ देऊ नयेत, असा लेखी हुकूम त्यांनी घोडदळाकडे पाठवला. घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन खालच्या खोऱ्यात होते. तेथून त्या तोफा दिसत नव्हत्या. कोणत्या तोफा, असे त्यांनी विचारले. हुकूम घेऊन आलेल्या कॅप्टन नोलन यांनी उतावीळपणे खोऱ्याच्या टोकाकडे हात केला. तेथे रशियनांचा दुसराच, सज्ज तोफखाना होता. सुमारे ६७० स्वार त्या तोफांच्या तोंडावर चालून गेले. शंभराहून अधिक मारले गेले, त्याहून अधिक घायाळ झाले. नोलन तर अगदी आरंभीच पडले. ‘तोफा’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी तेथे कोणाला ठाऊक नव्हता? कोशातला अर्थ सर्वांपाशी होता. ‘कोणत्या?’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबण्याचे धैर्य कोणी दाखवले नाही.

याउलट, प्रश्न विचारण्याला स्थान देणारी एक व्यवस्था भारताच्या कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आणि तिच्या आधीच्या १९७३च्या संहितेतही असे सांगितले आहे, की दोषारोप न्यायालयाच्या भाषेत लिहावा, आणि तो आरोपीला वाचून दाखवून समजावून सांगावा. गुन्हा कबूल आहे काय, हे त्यानंतर विचारायचे. कायदा करणाऱ्यांनी केवळ ‘वाचून दाखवावा’ एवढ्यावर भागवले नाही, हे विशेष. समोरच्याने ऐकले म्हणजे त्याला कळले असे होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मान डोलावणारा माणूस पुष्कळदा लाजेपोटी मान डोलावतो. न्यायालयात अशा डोलावण्याची किंमत तुरुंगवास असू शकते. बँकेत ती व्याज असते, दवाखान्यात आरोग्य.

वर्गात ती किंमत लगेच दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. पालकांच्या मनात आज जी चिंता आहे, तिचा येथे मोकळेपणाने विचार व्हावा. मराठी माध्यमातून शिकलेले मूल महाविद्यालयात जाते आणि प्रभार, घात, फल, संच यांच्या जागी एकाएकी चार्ज, पॉवर, फंक्शन, सेट असे शब्द समोर येतात. पहिले वर्ष जड जाते. ही अडचण खरी आहे. ती नाकारून मराठी शाळांचे भले होणार नाही, आणि इंग्रजी उत्तम शिकवल्यावाचून तर मुळीच होणार नाही.

पण ही अडचण दोन प्रकारच्या मुलांना दोन प्रकारे भेटते. ज्याने प्रभार म्हणजे काय हे समजून घेतले आहे, दोन ऋण प्रभार एकमेकांना दूर का लोटतात हे ज्याला सांगता येते, त्याच्या दृष्टीने फक्त पाटी बदलते. काही महिन्यांत नवी पाटी सवयीची होते. ज्याने ‘प्रभार’ हा शब्द तेवढा पाठ केला आहे, त्याच्या हातून जुना शब्द जातो आणि नवा येत नाही. इंग्रजी माध्यमातले जे मूल ‘चार्ज’ तेवढा पाठ करते, त्याला मात्र हा धक्का कधी बसतच नाही. सकाळच्या त्या घरातल्या वडिलांसारखा शब्द जन्मभर त्याच्या तोंडी राहतो, आणि आतली पोकळी कोणाच्या लक्षात येत नाही. दोष माध्यमाचा नसून पाठांतराचा आहे, आणि तो दोन्हीकडे सारखाच घडतो.

म्हणून घरी आणि शाळेत एक साधी सवय लावावी. मुलाने इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला, की उत्तर देण्यापूर्वी ‘वाक्य सांग’ म्हणावे. शब्द एकटा आला तर तो मुका असतो. सोबत्यांत उभा राहिला की बोलू लागतो. शिक्षक वर्गाच्या ‘चार्ज’मध्ये आहेत म्हणायचे आणि वर्ग शिक्षकांच्या ‘चार्ज’मध्ये आहे असेही म्हणायचे, एकाच शब्दाने सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा अशी दोन्ही माणसे दाखवली. हे कोशावरून कळत नाही, वाक्यावरून कळते. आणि ते वाक्य मुलाने आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत पुन्हा सांगितले, म्हणजे कळले असे समजावे. ज्या मुलाला ‘कोणता चार्ज?’ असा उलट प्रश्न विचारण्याची लाज वाटत नाही, त्याचे इंग्रजीही पक्के होते आणि मराठीही.

‘चार्ज’चा आणखी एक अर्थ अजून सांगावयाचा राहिला आहे. जुन्या इंग्रजी लेखनात आणि आजही, कोणाच्या तरी स्वाधीन केलेल्या मुलाला त्या सांभाळणाऱ्याचा ‘चार्ज’ म्हणतात. साठ वर्षांपूर्वी परप्रांतात पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांनी आपली मुले या शाळेच्या स्वाधीन केली, ती याच अर्थाने. तो भार शाळेने पिढ्यानुपिढ्या वाहिला. त्यांतली कित्येक मुले आज केस पांढरे झालेल्या आजी-आजोबांच्या रूपात या सभागृहात बसलेली आहेत.

अशा प्रसंगी मराठी माणूस म्हणतो, ‘आभारी आहे.’ या शब्दाच्या पोटातही भारच आहे. दुसऱ्याने केलेल्या उपकाराचे ओझे आपल्यावर आहे आणि ते मान्य आहे, असे सांगण्याची ही मराठीची रीत. हा भार मात्र उतरवून टाकावयाचा नसतो. शाळेकडून मिळालेली समज पुढच्या मुलाच्या हाती द्यावी, त्याने ‘म्हणजे काय?’ विचारले तर बुटाची नाडी तशीच ठेवून क्षणभर त्याच्याजवळ बसावे, एवढीच त्याची फेड आहे.